आपल्या माळावर कोणतें गवत आहे?

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर ‘गवतपड’ असा एक शब्द आढळतो. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां तीस वर्षें हा शब्द आमच्या डोळ्यांखालून गेला. खरीप व रब्बी पिकांचीं नांवें निरनिराळीं लिहावयाचीं, ज्वारीच्या जागीं बाजरी पडली तर तलाठ्यास जाब विचारावयाचा, आणि गवताच्या बाबतींत मात्र सबंध तालुक्याचें नांव एकच, गवतपड! कोणतें गवत, हा प्रश्न कोणास सुचला नाहीं, आम्हांसहि सुचला नाहीं. सन २०२१ पासून पीकपाहणी खातेदारानें स्वतः मोबाईलवर करावयाची झाली आहे, परंतु गवताकडे पाहण्याची आपली दृष्टि त्यामुळें बदललेली आम्हांस दिसत नाहीं.

सन २०१२-१३ च्या दुष्काळांत सातारा, सांगली, सोलापूर, नगर वगैरे जिल्ह्यांतील कोरडवाहू तालुक्यांत चारा-छावण्या उघडाव्या लागल्या, तेव्हां एका छावणीच्या नोंदवह्या तपासण्याचें काम आमच्याकडे होतें. जनावरांपुढें मुख्यतः उसाचें वाढें व प्रसंगीं सबंध ऊसच तोडून घालीत. पोट भरे, पण अंगावर मांस धरत नसे. आमच्याच गांवचा एक वृद्ध शेतकरी दोन बैल व एक गाय घेऊन तेथें मुक्कामास होता. बोलतां बोलतां तो म्हणाला, “भाऊसाहेब, आपल्या डोंगराला गवत काय थोडं होतं? फाल्गुनात सारं जळून गेलं.” आम्हीं विचारलें, “मग आधीं कापून कां आणलें नाहीं?” त्यावर तो हंसला. “कुसळी कोण कापतो?”

दुष्काळी भागांतील चाऱ्याचें अर्धें दुखणें या एका उत्तरांत आहे, हें आम्हांस पुढें बऱ्याच वर्षांनीं कळलें. कुसळी टाकाऊ नव्हे. ती पोटरींत असतां, म्हणजे कुसळें बाहेर पडण्यापूर्वीं कापली तर तिचा चारा चांगला होतो. तीच महिनाभर अधिक उभी राहिली कीं जनावराच्या तोंडास जखमा करते. आणि त्या डोंगरावर सर्व कुसळीच होती असेंहि नव्हे. तिच्यांत पवना होता, खालच्या ओढ्याकांठीं मारवेल होता. गांवानें सर्वांस एकच नांव दिलें, एकाच वेळेची वाट पाहिली, आणि शेवटीं सर्व एकदमच वणव्यास दिलें.

मुदतीपूर्वीं सेवानिवृत्ति घेऊन आम्ही गांवीं राहावयास आलों तेव्हां वडिलार्जित दीड एकर मुरमाड माळ चराईस बंद केला आणि गवतें ओळखण्याचा नाद लावून घेतला. त्यांत ज्या चुका झाल्या त्या दुसऱ्यांनीं पुन्हां करूं नयेत एवढ्याच हेतूनें हें लिहीत आहों.

पहिली अडचण नांवांची. एका गांवचा पवना तोच दहा कोसांवर शेडा होतो. मारवेल या नांवाखालीं तीन-चार निरनिराळीं गवतें खपतात. अंजन म्हणावें तर त्याच नांवाचा कठीण लाकडाचा एक वृक्षहि आहे. यास्तव नांवावर विसंबूं नये, खुणांवर विसंबावें. फादर ब्लॅटर व मॅक्कॅन यांचा मुंबई इलाख्यांतील गवतांवरील ग्रंथ १९३५ सालीं निघाला, तो याच कामाचा. मात्र तो इंग्रजींत व वनस्पतिशास्त्र्यांच्या भाषेंत असल्यामुळें शेतकऱ्याच्या बांधापर्यंत कधीं आला नाहीं. पुढें १९७३ सालीं दबडघाव व शंकरनारायण यांनीं भारतांतील गवताळ प्रदेशांचे पांच वर्ग पाडले. त्यांत आपलें दख्खनचें पठार ज्या वर्गांत येतें त्यास पवना व मारवेल यांच्याच शास्त्रीय नांवांवरून नांव दिलेलें आहे. म्हणजे आपल्या जमिनीचें मूळचें धन हीं दोन गवतें होत. कुसळीचें राज्य मागाहून आलेलें आहे.

ओळख करून घ्यावयाची ती भाद्रपदांत, गवत फुलावर येऊं लागलें म्हणजे. एक झुबका मुळासकट उपटावा आणि बुडापासून शेंड्याकडे पाहत जावें. बुडखा गोल कीं चपटा, काडीच्या गांठीवर केंस आहेत कीं नाहींत, पानाचें टोंक कसें आहे, शेंड्यास कणीस एक कीं अनेक, कुसळ कसलें, आणि शेवटीं पान चुरगाळून वास येतो काय. एवढें पाहिलें म्हणजे आपल्या माळावरचीं बहुतेक कामाचीं गवतें हातीं लागतात.

पवना व कुसळी यांतील फरक सर्वांत महत्त्वाचा, कारण दोन्ही झुबक्यानें वाढतात, दोन्ही मुरमाड उतारावर शेजारीं शेजारीं येतात, आणि दोहोंच्याहि काडीच्या शेंड्यास एकेकच कणीस असतें. कणसें पिकल्यावर फरक आंधळ्यासहि कळेल: कुसळीचीं कुसळें काळसर, पिळदार व एकमेकांत गुंतून त्यांची शेंडीच वळलेली असते. पण तेव्हां ओळखून उपयोग काय? ओळख त्यापूर्वीं पाहिजे. कुसळीचा बुडखा दोन बोटांत धरला तर चपटा लागतो, कारण तिच्या पानांचे देंठ खोडाभोंवतीं दुमडून बसलेले असतात. आणि तिच्या पानाचें टोंक बोथट असतें. पवन्याचें पान अरुंद असून शेंड्याकडे निमुळतें होत होत दोऱ्यासारखें बारीक होतें. त्याचें कणीस तीन-चार इंच लांब, किंचित् वांकलेलें, आणि त्यांतील दाण्यांच्या टरफलांवर उभ्या शिरा स्पष्ट दिसतात. त्याचींहि कुसळें लांब असतात, पण त्यांची कुसळीसारखी काळी शेंडी बनत नाहीं. बंद ठेवलेल्या माळावर पवना कमरेइतका वाढतो. वाळल्यावरहि जनावर त्यास तोंड लावतें, हा त्याचा मोठा गुण.

कुसळीचें तें कुसळ मात्र एक नवलच आहे. तें दंवानें ओलें झालें कीं उलगडतें, उन्हानें वाळलें कीं पुन्हां पीळ घेतें. अशा उलट-सुलट फिरण्यानें त्याच्या बुडाशीं असलेलें अणकुचीदार बीं गिरमिटाप्रमाणें जमिनींत शिरतें. तेंच मेंढीच्या लोंकरींत शिरलें तर कातड्यापर्यंत जातें. आणि याच कारणानें वणव्यानें कुसळी मरत नाहीं. वरचा माळ जळून काळा होतो तेव्हां तिचें बीं मातीखालीं सुरक्षित असतें. माळ पेटवून दिला म्हणजे पुढील सालीं गवत जोमदार येतें अशी आमच्याकडे समजूत आहे. हिरवे कोंब लौकर दिसतात एवढें खरें, पण ते कोणाचे, हें पाहिलें पाहिजे. दरवर्षीं जाळल्यानें माळ कुसळीच्या हवालीं होतो.

मारवेलाची खूण सोपी. काडीच्या प्रत्येक गांठीवर पांढऱ्या केंसांचें कडें असतें. भिंग नको, नजर चांगली असली म्हणजे पुरे. शेंड्यास एक कणीस नसून हाताच्या बोटांसारखीं तीन-चार किंवा अधिक बारीक कणसें एकाच ठिकाणाहून फुटतात, रंग जांभूळसर. बुडाकडच्या काड्या थोड्या आडव्या सरपटून मग उभ्या होतात. यास काळी किंवा मध्यम जमीन मानवते. बांध, ओढ्याचे कांठ, पाणथळ नसलेले सखल भाग या त्याच्या जागा. आता आमची फजिती ऐका. पहिल्या वर्षीं एका गृहस्थाकडून मारवेल म्हणून तीन हजार ठोंब आम्हीं विकत आणले. लावले, जगले, फोफावलेहि. फुलावर आल्यावर बारकाईनें पाहतों तों प्रत्येक दाण्याच्या टरफलावर टाचणीनें टोंचल्यासारखी एकेक बारीक खळगी! हें मारवेलाचें जवळचें भावंड, दिसावयास बरेंचसें तसेंच, पण उत्पन्नास हलकें. अति चराई झालेल्या जागीं तें आपोआप पसरतें. पैसे देऊन आम्हीं तें घरीं आणलें. त्या गृहस्थानें फसविलें असें आम्ही म्हणत नाहीं. त्यासहि फरक ठाऊक नव्हता.

अंजन गवताचें कणीस कोल्ह्याच्या शेंपटीसारखें, मऊ केंसाळ गोंड्यांचें. हलक्या, रेताड, कमी पावसाच्या जमिनींत हें जितकें टिकतें तितकें दुसरें क्वचितच, कारण मुळें खोल जातात. हरळीविषयीं लिहावयास नको. पिकांत ती वैरी असली तरी बांधावर जनावरास तिच्यासारखी गोडी दुसऱ्याची नाहीं. रोशा गवत वासानेंच कळतें. त्याचें तेल निघतें, पण दुसरें कांहीं मिळत असतां जनावर त्याच्याकडे ढुंकून पाहत नाहीं. आणखी एक खूण लक्षांत ठेवण्यासारखी आहे. दाण्यावर कुसळाचे तीन फांटे फुटलेलें, वीत-दीड वीत उंचीचें विरळ बारीक गवत जेथें सर्वत्र दिसेल तेथें माळ अगदीं थकला असें समजावें. पवना जाऊन कुसळी येते, कुसळी जाऊन हें येतें, आणि त्यानंतर उघडा मुरूम. थकण्याच्या या पायऱ्या आहेत, आणि आपण कोणत्या पायरीवर उभे आहों हें गवतच सांगतें.

या पायऱ्या पुन्हां चढतां येतात काय? झुबके मुळींच नाहींसे झाले नसतील तर येतात, आणि त्यास पैसा फार लागत नाहीं. माणसास धीर लागतो. आमच्या माळांत पहिल्या वर्षीं जिकडे तिकडे कुसळी. शेजारी म्हणाले, भाऊसाहेबांनीं कुसळीला कुंपण घातलें. ती आम्हीं पोटरींत असतांच कापली, बीं पडूं दिलें नाहीं. दुसऱ्या वर्षीं दगडांच्या आडोशास पवन्याचे झुबके मोजण्याइतके दिसले. तिसऱ्या वर्षीं ते मोजावयाचे सोडून दिले. वणवा येऊं नये म्हणून कडेनें दहा फूट रुंदीचा पट्टा दिवाळीनंतर साफ करून ठेवतों. बस्स, एवढाच उपचार.

जेथें झुबके उरलेलेच नाहींत तेथें लागवड करावी लागते. मारवेल बियांपेक्षां ठोंबांनीं लावावा. मृगाचा पाऊस पडून जमीन चांगली ओली झाल्यावर जुना झुबका खणून, मुळें असलेले दोन-तीन काड्यांचे ठोंब करावे, वरचा पाला छाटावा, आणि दीड फूट ओळींत एकेक फुटावर लावावे. या हिशेबानें एकरास सुमारें २९ हजार ठोंब लागतात. आंकडा ऐकून घाबरूं नये. पहिल्या वर्षीं दोन गुंठ्यांची रोपवाटिका करावी. तिच्यांतून पुढील सालीं पुष्कळ क्षेत्र लावतां येतें. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें मारवेलाचे निवडक वाण काढले आहेत. झांशीस १९६२ सालीं चारा व गवत यांच्या संशोधनासाठीं मध्यवर्ती संस्था स्थापन झाली, तिच्याकडूनहि बियाणें निघतें.

अंजनाचें आम्हीं प्रथम वाटोळें केलें. बीं आणलें, पाभरीनें बाजरीसारखें दोन-अडीच इंच खोल पेरलें, आणि महिनाभर वाट पाहिली. एक कोंब दिसला नाहीं. हें बीं केंसाळ व हलकें. त्यास अर्ध्या इंचाहून अधिक माती सोसत नाहीं. शिवाय ताजें बीं कांहीं महिने झोंपलेलें असतें, म्हणून गेल्या सालचें घ्यावें. एकरास दोन-अडीच किलो बीं ओलसर बारीक मातींत कालवून फेकावें, म्हणजे वाऱ्यानें उडत नाहीं, आणि वरून बाभळीची फांदी फिरवावी. चिकणमाती, शेण व वाळू यांत बीं घालून हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळून ठेवल्या व पावसाच्या तोंडावर टाकल्या तरी चालतें. मुंग्यांपासूनहि बचाव होतो. पहिल्या वर्षीं जनावर आंत सोडूं नये, मूळ धरण्यापूर्वींच झुबका उपटून येतो. गवताबरोबर स्टायलो हें शेंगवर्गी झाड टाकल्यास जमिनीस नत्र व जनावरास प्रथिन मिळतें. त्याच्या बियांचें कवच कठीण असतें, म्हणून पेरण्यापूर्वीं तें जाड वाळूंत हलक्या हातानें घांसून घ्यावें.

आतां संकरित नेपियरविषयीं, कारण शेतकरी बंधु आम्हांस प्रथम तेंच विचारतात. बाजरी व आफ्रिकेंतील नेपियर गवत यांचा तो संकर. त्यास उगवणारें बीं येत नाहीं, म्हणून कोणी बियाण्याची पुडी विकावयास आला तर त्यास रस्ता दाखवावा. लागवड दोन-तीन डोळ्यांच्या कांड्यांनींच होते. तीन फूट बाय दोन फुटांवर गुंठ्यास १८१ कांड्या बसतात. यशवंत, जयवंत हे राहुरीचे वाण आपल्याकडे रुळले आहेत. पहिली कापणी दोन-अडीच महिन्यांनीं, पुढें दर दीड महिन्यानें, जमिनीपासून चार-सहा इंच खोड राखून. माणसाच्या डोक्यावर गेलें तरी कापावयाचें नाहीं आणि मग जनावर दांडे टाकून देतें अशी तक्रार करावयाची, हा प्रकार पुष्कळ ठिकाणीं दिसतो. बारमाही पाणी व भरपूर खत असतां एकरीं साठ टनांवर उत्पन्न येतें असें सांगतात व तें खोटें नाहीं, पण आमच्या विहिरीच्या पाण्यावर गुंठ्यास वर्षाकांठीं एक टन आला म्हणजे आम्ही समाधान मानतों. एका गाईस रोज वीस किलो हिरवा चारा धरला तर वर्षास सात टनांवर जातो. म्हणजे आमच्या हिशेबानें गाईमागें सात गुंठे. ज्याच्या विहिरीस माघानंतर पाणी नाहीं त्यानें हा हिशेब आधीं करावा व मग कांड्या आणाव्या. शिवाय नुसत्या कोंवळ्या नेपियरवर जनावर ठेवूं नये, त्यांतील ऑक्झॅलेट शरीरांतील चुना बांधून टाकतें. लसूणघास, चवळी किंवा दशरथ गवत यांपैकीं कांहींतरी जोडीस द्यावें, आणि कांहीं भाग वाळला चारा ठेवावा.

नेपियर पाण्याचें पीक आहे, माळाचें नव्हे. माळावरच्या गवताचें खरें मर्म कापणीच्या वेळेंत आहे, आणि तेथेंच आम्ही सर्व चुकतों. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटांत चारा कुजविणारे जे सूक्ष्म जंतु असतात त्यांस चाऱ्याच्या कोरड्या वजनांत शेंकडा सातांच्या आसपास तरी प्रथिन लागतें. त्याहून कमी पडलें तर त्यांचें काम मंदावतें, आणि पुढ्यांत गवताचा ढीग असूनहि जनावर कमी खातें. पवना किंवा कुसळी फुलावर येऊं लागते तेव्हां एवढें प्रथिन तिच्यांत कसेंबसें असतें. दिवाळीनंतर पिवळें पडून बीं गळालें म्हणजे तें निम्म्यावर येतें. काडी उंच, पेंढी जड, गाडी भरलेली दिसते, आणि बैल मात्र चैत्रापर्यंत हाडांवर येतो. आमच्या वडिलांच्या वेळीं दसरा झाल्याशिवाय गवतास विळा लावीत नसत. त्यांचेंहि चुकत होतें असें म्हणणें जिवावर येतें, पण तसेंच आहे.

याला शेतकऱ्याचें उत्तर आम्हांस पाठ आहे. उत्तरा नक्षत्रांत गवत कापलें तर वाळवावें कसें? हस्ताचा पाऊस डोक्यावर, त्यांत बाजरीची काढणी, मजूर मिळत नाहीं. हें उत्तर खोटें नाहीं. म्हणून सबंध माळ एकदम कापूं नये. कुसळीचा भाग प्रथम घ्यावा, कारण तिला थांबतां येत नाहीं. तो रोज लागेल तेवढा हिरवाच घालावा आणि पावसानें उघडीप दिली कीं उरलेला वाळवावा. पवन्यास पंधरा-वीस दिवस दम धरतां येतो, त्याची कापणी हस्ताच्या उघडिपींत करावी. सकाळचें दंव उडाल्यावर कापावें, त्याच दिवशीं एकदां उलटवावें, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं काडी वांकविली असतां मोडूं लागली म्हणजे पेंढ्या बांधून घराजवळ गंज रचावी. पावसाची भीति असेल तर तीन वासे एकत्र बांधून तिकाटण्यावर गवत टांगावें. जमिनीवर भिजलेलें गवत काळें पडून बुरसतें, टांगलेलें निथळून जातें. कापतांना बुडाशीं तीन-चार इंच राखावे. जमिनीलगत खरवडून काढलें कीं एक गाडी जास्त भरते, परंतु पुढील सालचा फुटवा ज्या सांठ्यावर येतो तो याच बुडख्यांत असतो.

गांवच्या गायरानाविषयीं दोन शब्द. तें सर्वांचें असल्यामुळें वेळेवर कापावयास कोणी जात नाहीं, आणि जें वेळेवर कापलें नाहीं तें फाल्गुनांत कोणाच्या तरी बिडीनें जातें. आमच्या गांवीं गेल्या तीन वर्षांपासून गायरानाचा एक तृतीयांश भाग पाळीपाळीनें पोळ्यापर्यंत बंद ठेवतात, आणि भाद्रपदांत ज्यास पाहिजे त्यानें आपल्या हातानें कापून न्यावें असा ठराव आहे. मेंढपाळांचा प्रथम विरोध होता. कुसळें पडण्यापूर्वीं गवत निघून गेल्यानें मेंढ्यांच्या अंगांत तीं शिरेनाशीं झालीं, तेव्हां तो आपोआप मावळला. ठराव दरवर्षीं सर्व जण पाळतात असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं.

गतवर्षीं आमच्या दीड एकरांतून जें वाळलें गवत निघालें त्यावर दोन बैलांनीं ज्येष्ठापर्यंत काढलें, कडबा त्यांस निम्माच लागला. बांधावरचा खरा मारवेल आतां चांगला पसरला आहे. मृगानंतर ज्यांस ठोंब पाहिजे असतील त्यांनीं आमच्या शेतावर येऊन स्वतः खणून न्यावे. दाम घेणार नाहीं. मात्र तो पहिल्या वर्षीचा खळगीवाला वाणहि अद्याप एका कोंपऱ्यांत आहे, तेव्हां गांठीवरचें पांढरें कडें पाहावें, कणसांवर आलेल्या झुबक्याचें टरफल नखानें उचलून तपासावें, आणि मगच कुदळ घालावी.